प्रतवारी

बाय, तू विचारतेस एक ते पाच.
मी काजूच्या कारखान्यात बावीस वर्षं बिया निवडल्यात,
मला आकड्यांचं भय घालू नकोस.
टेबलावर ढीग पडायचा, बोटं आपोआप सांगायची:
अख्खी, फोड, तुकडा, भुगा.
डोळे दुसरीकडे असले तरी चालायचं.
माझे असायचेच.

प्रतीक्षागृह स्वच्छ होतं का?
होतं. फिनेल अजून नाकात आहे.
बाकाचा एक पाय विटेवर टेकलाय,
पण वीट स्वच्छ आहे.
कर्मचारी नम्र होते का?
केसपेपरच्या खिडकीतला बाबलो ओरडतो,
"डोक्याचे पेशंट डावीकडे!"
आणि दात काढायला आलेली, साखरेची, कुत्रा चावलेली
सगळी डिचोली मान वळवून डावीकडे बघते.
एकदा त्यांच्यात आमच्या वाड्यावरची शेवंती होती.
त्या चतुर्थीला माझ्या घरची नेवरी
तिने हातात घेतली,
खाल्ली नाही.
हा प्रश्न तुझ्या यादीत नाही, मला ठाऊक आहे.

औषधं वेळेवर मिळतात?
मिळतात, संपली नसतील तेव्हा.
संपली की चिठ्ठीवर 'बाहेरून' लिहितात.
बाहेर म्हणजे माझा तीन दिवसांचा रोज.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं का?
पहिल्याने नाही.
तो पडद्याकडे बघून विचारायचा,
झोप? भूक? आवाज?
मीही पडद्यालाच उत्तरं द्यायची.
हात कापतात म्हटलं, त्याने ते टाइप केलं.
कापऱ्या हाताने सोलताना
साल राहते आणि बी फुटते,
मालकाने मला भुग्याच्या टेबलावर बसवली,
हे टाइप करायला त्याच्याकडे रकाना नसेल.
मग ही फुर्तादो डॉक्टरीण आली,
महिन्यातून दोन मंगळवार, बांबोळीहून.
म्हणाली, हात दाखवा.
पुढे केले. तिने ते उलटे केले,
टरफलाच्या तेलाने जळलेले काळे डाग बघितले
आणि म्हणाली, "काजू?"
गोळी तिने नंतर अर्धी केली.
बरं मला त्याच्या आधीच वाटलं होतं.

आता तू म्हणशील, मागचं नको, या वर्षाचंच सांगा.
पण मागचंच सांगते.
एकोणीस वर्षांपूर्वी मला बांबोळीला नेली
तेव्हा आधी देवळात नेली होती.
देवाने उजवा कौल दिला, म्हणून भावाने जीप केली.
गावात मी पिशी, माहेरच्या पत्रात वेडी,
आणि फायलीवर इंग्रजीत लांबलचक काहीतरी,
जे अजून मला कोणी वाचून दाखवलेलं नाही.
आत घेताना बांगड्या उतरवल्या.
पाकीट, पाकिटावर नंबर, कपाट, कुलूप.
तेवीस दिवसांनी इरेन सिस्टरने
पाकीट माझ्या उशीवर ओतलं
आणि मोजल्या. अकरा.
परत मोजल्या.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
"बारावी काढताना फुटली.
म्हजें चुकलें गो."

भाऊ असं कधी म्हणाला नाही.
ज्याने पलंगाला बांधलं तो म्हणाला नाही.
देव तर बोलतच नाही, फुलं पाडतो.
काचेची बांगडी, बाय. म्हापशाच्या बाजारात
डझनाने मिळते.

कारखान्यात एक जात असते, करपट अख्खी.
भट्टीत जरा जास्त राहिलेली.
फुटलेली नाही, पण पांढऱ्यांत बसत नाही,
डबा वेगळा, दर कमी.
आम्ही बायका पदरात बांधून
तीच घरी न्यायचो.
हे लिहू नकोस, मालक अजून जिवंत आहे.

तुझ्या टॅबची बॅटरी लाल झालीय.
माझी साडेबाराची कदंब सुटेल.
तीन लिही.
नको, थांब,
चार म्हटलं तर बाबलोला वाटेल त्याचंच कौतुक.
तीनच लिही,
आणि बाजूला 'बांगडी' लिही.
जागा नसेल तर
राहू दे.